सव्वाशे पत्रं, सगळ्यांत 'मी मजेत आहे'

वाचक मैत्रिणीचं पत्र आधी देते. मोठं होतं, थोडं कमी केलंय.

"ताई, माझं वय ४१. सोलापूर जिल्ह्यात राहते, बँकेत नोकरी आहे. माझ्या मुलाची (वय १०) नवोदय या सरकारी निवासी शाळेत सहावीसाठी निवड झालीय. पेढे वाटून झाले, मुलगा रोज विचारतो ट्रंक कधी घ्यायची, आणि मला त्या दिवसापासून धड झोप नाही. मी स्वतः पाचवी ते दहावी, १९९४ ते २०००, मुलींच्या एका निवासी शाळेत होते. खूप कडक. पहाटे पाचला घंटा, थंड पाण्याची एक बादली, जेवताना बोलायचं नाही, घरून आलेला डबा ऑफिसात जमा. रविवारी पत्र लिहायचा तास असायचा. रेक्टर बाई फळ्यावर मजकूर लिहायच्या, तो आम्ही आंतरदेशीय पत्रावर उतरवायचा, त्या वाचायच्या आणि मगच चिकटवायचं. पहिल्या वर्षी माझं अंथरूण ओलं व्हायचं. त्याची शिक्षा म्हणून सकाळच्या प्रार्थनेला गादी डोक्यावर देऊन सगळ्यांसमोर उभं करायच्या. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. पुढे भटारखान्यातल्या मावशी घंटेच्या आधी येऊन गुपचूप चादर बदलून जायला लागल्या आणि उभं राहणं थांबलं. गेल्या महिन्यात आईकडे गेले तर तिने बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. माझी सव्वाशे पत्रं जपून ठेवलीत. म्हणाली, बघ, प्रत्येक पत्रात मजेत आहे लिहिलंयस, पाठव पोराला, काही होत नाही. मी काय काय बोलले तिला मलाच आठवत नाही. ताट वाढलेलं होतं, तसंच टाकून निघाले. तेव्हापासून फोनवर फक्त कामापुरतं बोलणं. त्या गठ्ठ्यात एक पत्र होतं, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात मी विचारलंय, आपल्या गावाला येणारी शेवटची एसटी किती वाजता असते. आईने उत्तरात कळवलं होतं साडेपाचला, का विचारतेस. नवरा म्हणतो त्या शिस्तीनेच तू आज ऑफिसर झालीस. शाळेच्या मैत्रिणींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्या सगळ्या जुन्या शिक्षा आठवून हसतात, बाईंचा सत्कार करायचं चाललंय, मी ग्रुप सोडला. मुलाला पाठवू की नको? आणि आईवर इतका राग का येतोय, तिने तर माझ्या चांगल्यासाठीच केलं ना? - एक आई"

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं, मध्ये एक रात्र जाऊ दिली आणि मग लिहायला बसले. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पाठवू का आणि राग का येतो. मी दुसऱ्यापासून सुरुवात करते कारण तो सुटल्याशिवाय पहिल्याचं उत्तर तुम्ही भीतीपोटी द्याल, हो म्हटलंत तरी आणि नाही म्हटलंत तरी.

पण त्याच्याही आधी गादीचं. दहा वर्षांच्या मुलाचं अंथरूण ओलं होणं हा ना आळस आहे ना वाईट सवय, आणि शिस्तीशी तर त्याचा काडीचा संबंध नाही. त्या वयातसुद्धा वीसातल्या एखाद्या मुलाला हा त्रास असतो, आणि घर सुटलं, जागा बदलली, मनात धास्ती बसली की तो वाढतो किंवा बंद झालेला परत सुरू होतो. यावर डॉक्टरकडे उपाय असतात. शिक्षा केली तर धास्ती वाढते आणि धास्ती वाढली की अंथरूण परत ओलं, म्हणजे तुम्हाला ज्यासाठी उभं करत होते तेच त्या उभं करण्याने वाढत होतं. तुमचं काहीही चुकलेलं नव्हतं. हे तुम्हाला तेव्हा, त्या सकाळी, कुणीतरी सांगायला हवं होतं. आज तसं कुणी केलं तर ते कायद्याच्या विरुद्ध ठरतं, शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी करतं आणि तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तुमच्या वेळी तो नव्हता. पण लहान पोरीच्या डोक्यावर ओली गादी देऊ नये हे कळायला तेव्हाही कायद्याची गरज नव्हती.

आता राग. तुमच्या पत्रात मी एक गोष्ट बघितली. पाचची घंटा, थंड पाणी, मुकाट जेवण हे सगळं तुम्ही एका दमात लिहून टाकलंय, त्यात कुठे अक्षर कापलेलं नाही. थंडीत कुडकुडलात, भूक लागली असेल, पण ते सगळ्याच जणी करत होत्या, आणि बरोबरीने सोसलेलं माणूस पुढे हसून सांगू शकतं. मैत्रिणी ग्रुपवर हसतात त्या खोटं हसत नाहीत, त्यांच्या वाट्याला जे आलं त्याचं आता हसू झालंय. तुमच्या वाट्याला वेगळं आलं म्हणून तुमचं झालं नाही. त्यांनी बाईंचा सत्कार खुशाल करावा आणि तुम्ही जाऊ नये, दोन्ही बरोबर आहे. ग्रुप सोडलात त्याबद्दल कुणाला कारण द्यायची गरज नाही.

तुमचं पत्र अडखळतं ते फळ्यापाशी. मला वाटतं तुम्हाला शिस्तीने नाही मोडलं, त्या रविवारच्या तासाने मोडलं. दहा वर्षांची मुलगी, आठवडाभर रोज सकाळी जीव मुठीत धरून उठणारी, आणि रविवारी तिच्या हातात आईला लिहायचं पत्र, समोर फळ्यावर 'ती. आईस शि. सा. न. वि. वि. मी येथे मजेत आहे', तेच उतरवायचं आणि वाचून घ्यायचं. म्हणजे जे होतंय ते सांगायचं एकच दार होतं आणि त्या दारात बाईच उभ्या होत्या. सहा वर्षं तुम्ही तुमच्या अक्षरात दुसऱ्याचं वाक्य लिहिलंत. आणि तीस वर्षांनी आईने नेमकं तेच वाक्य पुरावा म्हणून तुमच्यासमोर ठेवलं. राग न येता तर मला जास्त काळजी वाटली असती.

पण तो राग पोचायचा तिथे पोचलेला नाही एवढंच माझं म्हणणं आहे. आईने फळा बघितलेला नव्हता. तिच्याकडे दर आठवड्याला लेकीच्या हस्ताक्षरातलं पत्र यायचं, ती ते दोन-तीनदा वाचून डब्यात ठेवायची, आणि तिला खरंच वाटायचं की पोर सुखात आहे. तिलाही फसवलं गेलं, ताई. तुम्हा दोघींना एकाच माणसाने एकाच खडूने फसवलं.

माझं सांगते. मीही वसतिगृहात वाढले, आठवी ते दहावी, १९७६ ते ७९, आमच्या गावात सातवीपर्यंतच शाळा होती. महिन्यातून एका रविवारी पालकांना भेटायला परवानगी असायची. वडील भडंगाची पिशवी घेऊन यायचे, आम्ही झाडाखाली बसायचो, ते विचारायचे बरी आहेस ना आणि मी खूप हसायचे, सारखी बोलायचे, वर्गातल्या गमती सांगायचे, आणि ते फाटकाबाहेर गेले की पाण्याच्या टाकीमागे जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडायचे. का हसायचे तर त्यांनी बैलाची जोडी विकून मला ठेवलेलं, रडले तर त्यांना काय वाटेल. पुढे त्यांना ऐंशीवं लागलं तेव्हा एकदा दुपारी मी हे त्यांना सांगून टाकलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, अगं तू हसत होतीस म्हणून मी परत जात होतो, एकदा जरी रडली असतीस तरी ट्रंक उचलून तुला घेऊन आलो असतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी त्यांना वाचवत होते आणि ते मला विचारत होते, आणि आमच्या दोघांचीही चुकामूक होत होती. पण सांगितल्यावर पुढची चार वर्षं आम्ही जितकं बोललो तितकं आधीच्या चाळीस वर्षांत बोललो नव्हतो.

ब्रिटनमध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांना बोर्डिंगला पाठवायची जुनी पद्धत आहे. तिथल्या जॉय शॅव्हेरियन या मानसोपचार करणाऱ्या बाईंनी, असं बालपण घालवलेल्या मोठ्या माणसांबरोबर बरीच वर्षं काम केल्यावर, २०११ मध्ये याला 'बोर्डिंग स्कूल सिंड्रोम' असं नाव दिलं. डॉक्टरी यादीतला हा आजार नाही, पण वर्णन वाचलं की आपल्यातल्या बऱ्याच जणींना आपलंच वाटेल. मूल रडून उपयोग नाही हे शिकतं, मग रडणंच बंद करतं, वरून एकदम समर्थ दिसतं, कुणाकडे काही मागत नाही, आणि मोठेपणी सगळ्यात जवळच्या माणसालाही आतलं सांगता येत नाही. तुम्ही लिहिलंय ना, नवऱ्यालाही नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि नाही. तो तुमचा स्वभाव आहे असं समजू नका, तो रविवारचा तास अजून चालू आहे.

नवरा म्हणतो शिस्तीने ऑफिसर झालीस. त्याच्यावर चिडू नका, त्याला गादीचं माहीतच नाही, त्याच्याकडेही फळ्यावरचीच माहिती आहे. त्याला सांगा. सगळं एका बैठकीत नको, रात्री पोरगा झोपल्यावर एवढंच म्हणा की मला तिथे एक गोष्ट झाली होती, मी ती कुणाला सांगितली नाही, तू मध्ये बोलू नकोस फक्त ऐक. आणि त्याला तुमच्या पत्रातल्या मावशींबद्दल जरूर सांगा, कारण तुम्ही त्यांना एकच वाक्य दिलंय आणि मला तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. एक बाई, बहुतेक रात्री सगळ्यात शेवटी झोपणारी आणि सगळ्यात आधी उठून चूल पेटवणारी, स्वतःची झोप मोडून कोरडी चादर घेऊन यायची. तिने काही विचारलं नाही, कुणाला कळू दिलं नाही. त्या इमारतीत तुमचं खरं माहीत असलेलं एक तरी मोठं माणूस होतं. तुम्ही तिथून शिकून बाहेर पडलात ते घंटेमुळे नाही, तुमच्या जिद्दीने आणि त्या चादरीमुळे, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडच्या वसतिगृहांची खरी गोष्टही हीच आहे ना. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरं उपाशी राहू नयेत म्हणून अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. तिथेही शिस्त कडकच होती, पोरं स्वतः राबायची, दळण-स्वयंपाकापर्यंत कामं करायची. पण आपण उपाशी आहोत हे बघणारं कुणीतरी घरात आहे हे त्या पोरांना माहीत होतं. म्हणून मी वसतिगृह म्हटलं की नाहीच म्हणा, असं तुम्हाला सांगणार नाही.

तर मुलाचं. पहिली गोष्ट, नवोदय म्हणजे तुमची ती शाळा नव्हे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून ही योजना आली, सुरुवातीच्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीत आणि दुसरी हरियाणात झज्जरला, मुलं-मुली एकत्र, किमान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण भागातल्या पोरांना, राहणं-जेवण-पुस्तकं सरकारकडून, शिक्षक आवारातच राहतात. हजारो पोरं तिथून शिकून पुढे गेलीत आणि खूप जण प्रेमाने आठवण काढतात. पण शाळा-शाळांत फरक असतो आणि त्याच शाळेत मुलांचं वसतिगृह सांभाळणारा हाऊस मास्तर बदलला की वर्ष बदलतं, म्हणून नावावर जाऊ नका, जाऊन बघा. अजून एक, जे अनेक पालकांना नववीत गेल्यावर कळतं आणि मग धावपळ होते. तिथे नववीतल्या साधारण तीस टक्के मुलांना एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात, आपली पोरं हिंदी भागात आणि तिकडची इकडे. काही मुलांना ते वर्ष आयुष्यभर पुरतं इतकं आवडतं, काहींना जड जातं. हे आजच माहीत असू द्या.

बघायला जाल तेव्हा रविवारी जा आणि ऑफिसात कमी बसा. मार्क, निकाल, कॉम्प्युटर लॅब हे सगळं ते स्वतःहूनच दाखवतील. तुम्ही विचारा की सहावीची मुलं झोपतात त्या इमारतीत रात्री मोठं माणूस कोण असतं आणि ते किती लांब झोपतं. लहान मुलं मोठ्यांच्याच खोल्यांत असतात की वेगळी. रात्री पोटात दुखलं तर मुलाने कुणाचं दार वाजवायचं. फोन कधी करता येतो, आणि फोन चालू असताना शेजारी कोण उभं असतं, हा प्रश्न तर अगदी असाच विचारा. आणि कुणाचं अंथरूण ओलं झालं तर तुम्ही काय करता, हेही विचारा. तुम्हाला विचारताना घसा कोरडा पडेल, तरी विचारा. ज्याला मुलं कळतात तो साधेपणाने सांगेल की चादर बदलतो, डॉक्टरला दाखवतो, घरी कळवतो. जो हसेल किंवा म्हणेल की आमच्याकडे असले लाड नाहीत, तिथून पोराला घेऊन या, बाकी शाळा कितीही चांगली असू दे. मग जमलं तर मेसमध्ये वाढणाऱ्या बाया-माणसांशी दोन शब्द बोला, त्यांना मुलांची नावं माहीत आहेत का ऐका. सातवीतल्या एखाद्या पोराला बाजूला घेऊन विचारा, तुला रडू आलं तर कुठे जातोस. याचं उत्तर पोरं पटकन देतात.

आणि मुलाशी बोला, त्याला काय हवंय ते त्याने ट्रंकेतून सांगितलंच आहे. गादीची गोष्ट त्याला आत्ता सांगू नका, ती त्याच्या डोक्यावर ठेवू नका. पण हे सांगा की मी शाळेत असताना मला वाईट वाटायचं आणि मी घरी सांगू शकले नाही, तू मात्र सांगायचंस, आणि तू सांगितलंस तर घरात कुणी रागावणार नाही, पेढे वाटले म्हणून कुणाची मान खाली जाणार नाही. तुमच्या दोघांत एक शब्द ठरवा. समजा 'माठ'. फोनवर शेजारी कुणी असो-नसो, त्याने विचारलं आई माठात पाणी भरलंस का, की तुम्ही दुसऱ्या दिवशी तिथे. कारण विचारायचं नाही, पोचल्यावर विचारायचं. एकदा उगाच हाक मारून बघेल, तरी जा. दुसऱ्यांदा तो उगाच मारणार नाही. शिवाय १०९८ हा लहान मुलांसाठीचा फुकट नंबर त्याला पाठ करून द्या.

एवढं करून तुमचं मन नाहीच म्हणालं किंवा दिवाळीच्या सुट्टीत तो बदललेला दिसला, खाणं कमी, अंगाला हात लावू देत नाही, परत जायच्या आदल्या रात्री ताप, तर त्याला काढा आणि त्याचं वर्ष वाया गेलं म्हणून रडत बसू नका. रिकाम्या जागा असतील तर नववीला परत परीक्षा देऊन नवोदयला जाता येतं, त्यामुळे आत्ताचं नाही म्हणजे कायमचं नाही असं होत नाही. चौदाव्या वर्षी पोरगं बरंच निब्बर झालेलं असतं.

मला विचाराल तर, शाळा बघून तुम्हाला बरी वाटली तर त्याला जाऊ द्या असंच माझं मन म्हणतं. त्याच्याकडे ती आई आहे जिला फळ्यामागचं दिसतं.

झोप येत नाही ते मात्र अंगावर काढू नका. मुलगा गेल्यावरच्या पहिल्या महिन्यात तुमचा १९९४ चा जून परत येणार, तेव्हा एकटीने सोसायचं नाही. १४४१६ हा टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा नंबर आहे, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. किंवा सोलापुरात चांगल्या समुपदेशकाकडे चार-सहा वेळा जाऊन या. तीस वर्षं दाबून ठेवलेलं पहिल्यांदा उघडताना सवयीचं माणूस समोर असलेलं बरं.

राहिली आई. तिला फोनवर सॉरी म्हणू नका, फोनवर ते परत फळ्यावरचं वाक्य होईल. एखाद्या रविवारी एकट्या जा, मुलाला-नवऱ्याला घरी ठेवून. डबा काढायला सांगा. सव्वाशेतलं ते एकच पत्र वेगळं काढा, कोपऱ्यातलं बारीक अक्षर तिला दाखवा, ते एक वाक्य फळ्यावर नव्हतं, ते तुमचं होतं. तिने तेव्हा साडेपाचची वेळ कळवली होती आणि पुढे विचारलं होतं, का विचारतेस. त्याचं उत्तर अजून द्यायचं राहिलंय, ते द्या. ती रडेल, रडू द्या, लगेच गप्प करू नका. आणि यावेळी जेवून निघा.